शेक चालू असताना काय सांगावं, काय विचारावं

किरणोपचाराला आपल्याकडे कोणी शेक म्हणतं, कोणी लाईट. पाच-सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज काही मिनिटं मशीनखाली निपचित पडून राहायचं आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरांना दाखवायचं, असा साधारण क्रम. त्या भेटीत डॉक्टर विचारतात, ‘काय, कसं आहे?’ समोरचा माणूस रत्नागिरीहून आलेला असो की लालबागचा, सांगतो, ‘बरं आहे.’ घसा आतून सोलून निघालेला असतो, दोन दिवस नुसत्या पेजेवर काढलेले असतात, तरी ‘बरं आहे’. डॉक्टरांचा वेळ खाऊ नये हा संकोच त्यात असतो, शेक बंद करतील ही भीती असते आणि मोठ्या माणसापुढे रडगाणं गाऊ नये हे वळणही असतं. फाईलमध्ये मग ‘विशेष तक्रार नाही’ एवढं उमटतं.

यात डॉक्टरांचा दोष किती आणि रुग्णाचा किती, हा वाद इथे घालायचा नाही. पण अंतर खरं आहे. २०१५ साली इटलीतल्या संशोधकांनी तीन मोठ्या चाचण्यांतल्या १,०९० रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. एकीकडे रुग्णांनी स्वतः भरलेली पत्रकं, दुसरीकडे त्याच काळातल्या डॉक्टरांच्या नोंदी. मळमळ, जुलाब, भूक न लागणं अशा सहा त्रासांत, रुग्णाने लिहिलेला पण डॉक्टरांच्या कागदावर न आलेला भाग ४०.७ टक्क्यांपासून ७४.४ टक्क्यांपर्यंत निघाला. त्या चाचण्या केमोथेरपीच्या होत्या. पण शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या कोणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही.

रुग्णाने स्वतः, कोणी मध्ये न पडता, आपल्या त्रासाबद्दल दिलेली माहिती ही वैद्यकात आता स्वतंत्र नोंद मानली जाते. दवाखान्यांत तिला ‘पीआरओ’ म्हणतात. तिचा उपयोग शेक सुधारायला कसा होतो, याची चांगली उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. २८ फेब्रुवारी १९४१ पासून परळमध्ये उभ्या असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातच ती आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ. खालची यादी या परिसरात शेक घेणाऱ्यांसाठी, त्यांच्या सोबत्यांसाठी आणि शेक देणाऱ्या विभागांसाठी आहे. औषध कोणतं घ्यायचं हे तिच्यात सापडणार नाही. ते आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

रुग्णाने काय करावं

शेक सुरू होण्याआधीची स्थिती लिहून ठेवावी. वजन किती, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं, दिवसातून संडासला किती वेळा, घासाबरोबर पाणी लागतं का, तोंडात उभी बोटं किती मावतात. तंबाखू-गुटख्यामुळे आधीच तोंड कमी उघडत असेल आणि ते कुठे लिहिलेलंच नसेल, तर सहाव्या आठवड्यात सगळा दोष शेकाच्या माथी जातो किंवा उलट, शेकाने झालेलं नुकसान ‘हे आधीपासूनच असणार’ म्हणून सोडून दिलं जातं.

रोज एकाच वेळी दोन ओळी लिहाव्यात. वेगळी वही नको असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. तारखेच्या चौकटीत दुखण्याला दहापैकी किती आणि दिवसभरात काय खाल्लं, एवढं मावतं. आठवड्याच्या भेटीला त्या पानाचा फोटो दाखवावा. आठवणीवर भरवसा ठेवला की कालचा वाईट दिवस सगळ्या आठवड्याला रंग लावतो, किंवा आजचा बरा दिवस सगळं पुसून टाकतो.

त्रास रोजच्या व्यवहाराच्या भाषेत सांगावा. ‘गिळायला त्रास होतो’ यापेक्षा ‘मंगळवारपर्यंत भाकरी जात होती, बुधवारपासून ती ताकात कुस्करून खातोय, कालपासून नुसती पेज’ हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगतं. त्यात वेगही कळतो. डोक्या-मानेच्या शेकात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, लाळ चिकट होते, चव जाते. कोणाला नाकातून नळी घालावी लागेल, कोणाचं पातळ खाण्यावर आणि वेदनाशामकावर निभेल, हे ठरवताना घसरण किती दिवसांत झाली याला मोल असतं. थकव्याचंही तसंच. ‘दादरच्या पुलाचा जिना मागच्या आठवड्यात एका दमात चढत होते, आता मध्ये दोनदा थांबते’ असं सांगावं.

संडास-लघवीचं बोलताना घरची सोयही सांगावी. यावर जरा थांबतो, कारण छापील प्रश्नावल्यांत हे सहसा नसतं. गर्भाशयमुख, गुदाशय किंवा प्रोस्टेटच्या शेकात जुलाब आणि वारंवार लघवी हे नेहमीचे त्रास. ‘दिवसातून सहा वेळा’ हा आकडा हिंदू कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये एक आणि गिरगावातल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दुसरा. गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास, सकाळी रांग, रात्री अंधार. आणि मुक्कामच रुग्णालयासमोरच्या फूटपाथवर असेल तर आणखी तिसरा. अशा घरातली बाई काय करते? खाणं कमी करते, पाणी तोडते. लोकलमध्ये अडचण नको म्हणून निघताना घोटभरही पीत नाही. आता दुसरी बाजू पाहा. ओटीपोटाच्या शेकाआधी बऱ्याच ठिकाणी ठरलेलं पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात, कारण भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर सारतं आणि किरणांच्या वाटेतून काही प्रमाणात बाजूला ठेवतं. बाईने जुलाबाच्या भीतीने पाणी तोडलं, तर मूत्राशय अर्धंच भरतं, आतडं खाली उतरतं, त्याला जास्त किरणं लागतात आणि जुलाब वाढतात. हे चक्र मोडायला महागडी मशीन लागत नाही. ‘घरी संडास सामायिक आहे, म्हणून मी पाणी कमी पिते’ एवढं वाक्य कोणाच्या तरी कानावर पडावं लागतं. मग शेकाची वेळ बदलता येते, पाणी रुग्णालयात पोचल्यावर पिण्याची सोय करता येते, औषध वेळेवर सुरू होतं.

घरगुती उपायही सांगावेत. हळद लावली, खोबरेल चोळलं, गावाहून काढा आला, कोणी गोमूत्र सुचवलं, सगळं. रागावतील म्हणून लपवलं तर कातडी कशाने सोलली याचा शोध चुकीच्या दिशेने जातो.

शेक चुकला तर त्याच दिवशी फोन करून खरं कारण सांगावं. हिंदमाताला पाणी तुंबलं म्हणून चुकला, गणपतीत लालबागचे रस्ते बंद होते म्हणून चुकला, की अंथरुणातून उठवलंच नाही म्हणून? हजेरीच्या कागदावर तिन्ही ‘गैरहजर’च असतात. पहिल्या दोन्हींवर उपाय वेळापत्रकात आहे, तिसऱ्यावर औषधात. गणपतीच्या दहा दिवसांचं वेळापत्रक तर मशीनवरच्या टेक्निशियनशी आधीच बोलून घ्यावं.

रुग्णाने काय टाळावं

‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून गप्प राहणं टाळावं. बाकावर शेजारी बसलेल्याची जागा वेगळी, मात्रा वेगळी, शरीर वेगळं. त्याला तिसऱ्या आठवड्यात झालं ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात झालं असेल, तर डॉक्टरांना हीच गोष्ट कळायला हवी.

शेक थांबवतील या धास्तीने लपवणं टाळावं. ही धास्ती समजण्यासारखी आहे, आणि तिच्यामागचं कारणही बरोबर आहे: मध्ये खंड पडणं खरंच वाईट. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून आणि आतून दिलेला शेक मिळून सगळा उपचार साधारण आठ आठवड्यांत पुरा व्हावा असं पाहतात. डोक्या-मानेच्या कर्करोगातही लांबलेल्या दिवसांची किंमत मोजावी लागते. पण त्रास वेळेवर न सांगितल्यानेही खंड पडतो. बुधवारी सांगितलेल्या जुलाबावर गोळी मिळते. पुढच्या सोमवारपर्यंत दाबून ठेवलेल्या जुलाबाला सलाईन आणि वॉर्डातली खाट लागते.

आकडा मुद्दाम कमी किंवा जास्त सांगू नये. लवकर नंबर लागावा म्हणून दहापैकी दहा लिहिणारेही असतात. पुढच्या आठवड्यात खरोखर वाढलं तर त्यांच्याकडे आकडाच उरत नाही.

सोबत आलेल्या माणसाने

रुग्णाच्या वतीने उत्तर देऊ नये. आपल्याकडे हे प्रेमाने होतं. प्रश्न आजोबांना, उत्तर मुलाचं. प्रश्न सुनेला, उत्तर सासूबाईंचं. बहुतेक वेळा घरची माणसं रुग्णापेक्षा जास्त त्रास सांगतात, डॉक्टर कमी धरतात, आणि ज्याचं दुखतं तो दोघांच्या मध्ये मान हलवत बसतो. पत्रक भरताना सोबत्याने बाहेर जाऊन एक चहा घेऊन यावं, हे उत्तम.

स्वतः पाहिलेलं मात्र वेगळं सांगावं, ‘मी पाहिलं’ असं म्हणून. ‘बाबा रात्री बसून झोपतात’, ‘आई बोलता बोलता थांबते’, ‘काकू ताट तसंच सारतात’. ही निरीक्षणं मोलाची आहेत. ती रुग्णाच्या उत्तराच्या जागी बसवली की दोन्ही वाया जातात.

‘हिंमत ठेव, काही होत नाही’ हे पत्रक भरून झाल्यावर म्हणावं.

विभागाने काय करावं

विचारण्याआधी ठरवावं की उत्तराचं करणार काय. माझ्या मते सगळ्या यादीत हेच पहिलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांवर झालेली चाचणी या क्षेत्रात नेहमी सांगितली जाते. एका गटाने बारा नेहमीचे त्रास संगणकावर स्वतः नोंदवले, दुसऱ्या गटाची नेहमीसारखी काळजी घेतली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात नोंदवणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने, दुसऱ्याचं २६ महिने निघालं. हे सांगताना बरेचजण एक बारकावा गाळतात. त्रास वाढल्याची नोंद झाली की तिथल्या नर्सला आपोआप ईमेल जात होता आणि ती रुग्णाशी संपर्क साधत होती. संगणकाने कोणाचं आयुष्य वाढवलं नाही. म्हणून पत्रक छापण्याआधी एका कागदावर लिहावं: कोणत्या उत्तराला कोणी, किती वेळात, काय करायचं. पाणीही गिळवत नाही, ताप आहे, श्वासाला आवाज येतो, रक्त जातंय, अशा उत्तरांचं पत्रक गठ्ठ्यात पडता कामा नये. ते हातात घेऊन सिस्टरने त्याच क्षणी डॉक्टरांकडे जावं. बाकीचं त्या आठवड्याच्या भेटीत.

तपासून घेतलेलं मराठी पत्रक वापरावं. युरोपातल्या ईओआरटीसी या संस्थेची तीस प्रश्नांची प्रश्नावली जगभर चालते. तिला अवयवानुसार जोडपत्रकं आहेत, डोक्या-मानेसाठी ३५ प्रश्नांचं, गर्भाशयमुखासाठी २४ प्रश्नांचं. तिची भारतीय रुग्णांमधली पडताळणी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २००५ सालीच डोक्या-मानेच्या आणि स्तनाच्या कर्करोगासाठी प्रसिद्ध केली होती. अशा पत्रकाचं भाषांतर दोन्ही दिशांनी तपासलेलं असतं, रुग्णांवर चाचपलेलं असतं. त्यामुळे कोणाला ‘हा शब्द बदलू या, आमच्या लोकांना सोपा पडेल’ असं वाटलं तरी हात आवरावा, नाहीतर परळचा आकडा पुण्याच्या आकड्याशी ताडता येत नाही. सामायिक संडास, भाकरी, लोकल यांच्यासाठी खाली वेगळा भाग जोडावा. त्याचे गुण मूळ पत्रकात मिसळू नयेत.

वाचता न येणाऱ्याला प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवावा, आणि शक्यतो वाचणारा माणूस उपचार करणारा नसावा. ज्यांच्या हातात आपला शेक आहे, त्यांनाच ‘तुमच्या शेकाने माझं वाईट झालं’ असं कोण सांगणार? स्वयंसेवक, समाजसेवा विभागातली व्यक्ती किंवा फोनवर ऐकू येणारा ध्वनिमुद्रित प्रश्न, यांपैकी काहीही चालेल. ‘फार नाही ना दुखत?’ हा प्रश्न नाही, उत्तर आहे.

मराठी माणसाला मराठी पत्रक द्यावं, बंगाली माणसाला बंगाली. ‘सगळ्यांना हिंदी येतं’ हा समज मुंबईत सोयीचा आहे. त्यातून उत्तरं कच्ची मिळतात.

बायकांसाठी आडोसा आणि बाई विचारणारी हवी. गर्भाशयमुखाच्या शेकानंतर योनी आखडणं, कोरडेपणा, संबंधांच्या वेळी वेदना हे माहितीतले परिणाम आहेत, आणि प्रश्नावलीत त्यांच्यावर प्रश्नही आहेत. तेच प्रश्न सर्वांत जास्त कोरे राहतात. कोरा राहिलेला प्रश्न म्हणजे ‘त्रास नाही’ असं धरलं, तर ज्या दुष्परिणामावर व्यायाम, डायलेटर आणि क्रीम असे साधे उपाय आहेत, तोच दप्तरी ‘नाही’ म्हणून जमा होतो. पडद्यामागे, सासूबाईंना बाहेर बसवून, एका सिस्टरने पाच मिनिटं दिली तर चित्र बदलतं. पुरुषांनाही विचारावं, प्रोस्टेटच्या शेकानंतरच्या संबंधांबद्दलचं बोलणं डॉक्टर आणि रुग्ण दोघंही टाळतात.

पैशाच्या प्रश्नाचं उत्तर समाजसेवा विभागाकडे त्याच दिवशी पोचवावं. तीस प्रश्नांत एक प्रश्न आजारपणामुळे झालेल्या आर्थिक ओढाताणीवर आहे. डॉक्टर त्याच्यावरून पान उलटतात, कारण त्यावर गोळी नाही. पण परळमध्ये त्यावर बरंच काही आहे: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. बाहेरगावच्या माणसाचा शेक चुकण्यामागे किरणांचा त्रास किती आणि मुक्कामाचा खर्च किती, हे या एका प्रश्नाने उलगडतं.

पुढच्या भेटीत मागचा आकडा रुग्णाला दाखवावा. ‘गेल्या वेळी तुम्ही सात लिहिलं होतं, औषधाने चारवर आलं.’ आपण लिहिलेलं कोणी वाचलं हे कळलं, की पुढचं पत्रक मन लावून भरलं जातं.

विभागाने काय टाळावं

पत्रक भरण्यासाठी रुग्णाला वेगळ्या दिवशी बोलावणं. रांगेत, पंधरा माणसांच्या देखत भरून घेणं. भरलेली पत्रकं काउंटरवर उघडी ठेवणं. दोन अभ्यासांची दोन लांब पत्रकं एकाच थकलेल्या माणसाच्या हातात देणं. ‘सही करा, बाकी आम्ही भरतो’ म्हणणं. यांतल्या प्रत्येकावर परिच्छेद लिहिण्याची गरज नाही.

एक मात्र सविस्तर. ॲप आणलं म्हणजे झालं, असं समजू नये. मोबाईल घरात एकच असतो, तो मुलाकडे असतो, आणि मुलगा कामावर असतो. फूटपाथवर किंवा धर्मशाळेत राहणाऱ्याला चार्जिंगची पंचाईत. कागद, फोन, ॲप तिन्ही वाटा खुल्या ठेवल्या तरच सर्वांत आजारी आणि सर्वांत गरीब माणसं नोंदीत येतात. त्यांनाच वगळून केलेली नोंद हसरी दिसते.

आकड्यांशी वागताना

रुग्णाचं म्हणणं आणि डॉक्टरांचं निदान एकमेकांसमोर ठेवावं, एकाने दुसऱ्याला पुसू नये. टाटा मेमोरियलच्या दोन चाचण्या इथे शेजारी ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली ‘पार्सर’. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर शेक लागणाऱ्या ३०० स्त्रिया, २०११ ते २०१९ हा काळ. निम्म्यांना त्रिमितीय नियोजनाचा नेहमीचा शेक, निम्म्यांना आयएमआरटी, म्हणजे किरणांचा झोत आतड्यांभोवती वळवून आणि मशीनवरच प्रतिमा पाहून दिलेला शेक. तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा तीव्र उशिरा होणारा त्रास नेहमीच्या शेकात ४२.४ टक्के, आयएमआरटीत २१.१ टक्के, कर्करोग आटोक्यात राहण्यात फरक नाही. हे डॉक्टरांचं मोजमाप झालं. त्याच स्त्रियांनी भरलेल्या पत्रकांतही जुलाब कमी, भूक बरी, आतड्यांच्या तक्रारी कमी, असंच उमटलं. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. महागड्या तंत्रावर सरकारी पैसा खर्च करावा का, या प्रश्नाला इथे नुसत्या स्कॅनच्या चित्राने उत्तर दिलं नाही. शेक घेतलेल्या बायकांनी दिलं.

दुसरी ‘पॉप-आरटी’. प्रोस्टेटचा, पसरण्याचा धोका जास्त असलेला कर्करोग, २२४ पुरुष. एका गटाला फक्त प्रोस्टेटवर शेक, दुसऱ्याला ओटीपोटातल्या लसीका ग्रंथींवरही. रक्ताच्या पीएसए तपासणीनुसार आजार न उलटलेल्यांचं पाच वर्षांचं प्रमाण ग्रंथींसकट शेकात ९५ टक्के, नुसत्या प्रोस्टेटच्या शेकात ८१.२ टक्के. डॉक्टरांच्या नोंदीत लघवीचे उशिराचे त्रास मोठ्या क्षेत्राच्या शेकात जास्त होते. पुरुषांनी स्वतः भरलेल्या जीवनमानाच्या पत्रकांत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. याचा अर्थ त्रास खोटा असा नाही, आणि पुरुष सहन करून गप्प बसले असाही परस्पर काढू नये. निर्णय घेताना रुग्णाला दोन्ही गोष्टी सांगता येतात: लघवीची तक्रार वाढू शकते, आणि ज्यांनी हा शेक घेतला त्यांचं रोजचं जगणं एकंदरीत फारसं बिघडलेलं नव्हतं.

आलेख कोणत्या दिशेने वाचायचा हे भिंतीवर लिहून ठेवावं. तीस प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत गुण ० ते १०० असतात. चालणं, काम, मन यांच्या गुणांत १०० म्हणजे उत्तम. दुखणं, थकवा, मळमळ यांच्या गुणांत १०० म्हणजे फार वाईट. नवा निवासी डॉक्टर इथे हमखास गोंधळतो. साधारण दहा गुणांचा बदल रुग्णाला स्वतःला जाणवतो. दोन-तीन गुणांच्या चढउतारावर औषध बदलू नये.

फक्त हाती आलेली पत्रकं मोजू नयेत. पाचव्या आठवड्यात ज्यांना उठवत नाही, ते पत्रक भरत नाहीत. उरलेल्यांची सरासरी काढली की पाचवा आठवडा चौथ्यापेक्षा छान दिसतो. किती जणांना दिली, किती परत आली, न आलेल्यांचं काय झालं, हे तीन आकडे सरासरीच्या वर छापावेत.

शेक संपल्यावर

शेवटच्या दिवशी पेढे वाटून नोंद बंद करू नये. तोंड, घसा, कातडी यांचा त्रास बऱ्याचदा शेक संपल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत शिगेला पोचतो. तेव्हा रुग्ण सावंतवाडीच्या गाडीत असतो, डॉक्टर परळमध्ये. विभागाने या दिवसांत एक फोन ठरवून करावा, रुग्णाने गावच्या डॉक्टरांना उपचाराचा कागद दाखवून ठेवावा.

उशिरा होणारे परिणाम महिन्यांनी, वर्षांनी येतात, म्हणून पत्रकंही त्या अंतराने हवीत, आणि ठरलेल्या वेळीच. एकाचं सहाव्या महिन्यात आणि दुसऱ्याचं दहाव्यात भरलं तर त्यांची तुलना होत नाही.

तोंडाच्या, घशाच्या शेकानंतर आरशापुढे उभं राहून तोंडात आपलीच तीन बोटं उभी घालून पाहावीत. सुरुवातीला तीन मावत होती आणि आता दोनच मावतात, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावं. जबड्याचे व्यायाम लवकर सुरू केले तर उपयोग जास्त. दात दुखला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात परस्पर काढून घेऊ नये. शेक घेतलेल्या जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, तेव्हा दंतवैद्याला शेकाचा कागद दाखवावा आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावं.

ओटीपोटाच्या शेकानंतर वर्ष-दोन वर्षांनी संडासवाटे रक्त गेलं तर ते मूळव्याधीचंच असेल असं धरून चालू नये. किती दिवस, किती वेळा, नुसतं कागदाला लागतं की भांड्यात दिसतं, हे लिहून घेऊन जावं. लघवीतून रक्त आलं तर लिहीत बसू नये, लगेच जावं.

फोन नंबर बदलला तर फाईलवर बदलून घ्यावा.